वेळांची टक्कर (दूरचित्रवाणी रेकॉर्डिंग)

घरगुती दूरचित्रवाणी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरकडे एकाच वेळी जितके कार्यक्रम मागितले जातात तितके ट्यूनर त्याच्यापाशी नसले, म्हणजे जी अडचण निर्माण होते तिला वेळांची टक्कर असे म्हणतात. दोन ट्यूनर असलेल्या यंत्रावर रात्री नऊ वाजता तीन वेगवेगळ्या वाहिन्यांवरील तीन कार्यक्रम मागितले गेले, तर त्यांपैकी एक सुटणार हे उघड आहे. कोणता सुटावा, तो पुन्हा कधी पकडता येईल का, आणि तो सुटणार आहे हे वापरकर्त्याला वेळेआधी कसे कळावे, हे प्रश्न सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भागाला नियोजक किंवा शेड्यूलर म्हणतात.

संगणकातील इतर रांगांपेक्षा ही रांग वेगळी आहे. छपाईयंत्रापुढचे काम थांबू शकते, प्रक्षेपण थांबत नाही. ठरलेल्या क्षणी ट्यूनर मोकळा नसेल तर तो कार्यक्रम त्या घरापुरता हरवतो आणि चूक लक्षात येते ती बहुधा दुसऱ्या दिवशी, यादीत कार्यक्रम दिसत नाही तेव्हा. त्यामुळे नियोजक किती हुशार आहे यापेक्षा त्याचे निर्णय आधी वाचता येतात का, याला या क्षेत्रात अधिक महत्त्व आले. प्रस्तुत लेखात मुख्यतः मिथटीव्ही या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियोजकाचे वर्णन आहे. त्याचा स्रोत सर्वांना खुला आहे आणि टक्करीचे जवळजवळ सर्व प्रकार त्याला हाताळावे लागले आहेत.

पार्श्वभूमी

सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र इ.स. १९७५ मध्ये बाजारात आले. घरी बसून कार्यक्रम नोंदवून ठेवावा आणि सवडीने पाहावा, ही सवय या यंत्राने लावली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी अशा वापराला वैध ठरवले. त्या काळच्या व्हीसीआरमध्ये एक ट्यूनर आणि एक फीत असे. दिवस, वाहिनी, सुरुवातीची व शेवटची वेळ हे सारे वापरकर्ता स्वतः भरी. टक्कर तेव्हाही होती; परंतु ती भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच घडे आणि निवडही तोच करी.

इ.स. १९९९ मध्ये अमेरिकेत टीव्हो आणि रीप्लेटीव्ही ही हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग करणारी यंत्रे आली आणि मागणीचे स्वरूपच पालटले. ‘गुरुवारी आठ ते नऊ, चौथी वाहिनी’ असे सांगण्याऐवजी ‘ही मालिका’ एवढेच सांगणे पुरेसे झाले. कोणता भाग कधी आणि कुठे आहे हे यंत्र कार्यक्रम मार्गदर्शिकेतून स्वतः शोधू लागले. सोय मोठी होती, पण तिच्यासोबत टक्करही नजरेआड गेली. वापरकर्त्याने सहा महिन्यांपूर्वी दिलेला नियम आणि काल रात्री बदललेली मार्गदर्शिका यांतून आज एखादी टक्कर उद्भवू शकते आणि त्या वेळी यंत्रासमोर कोणीच बसलेले नसते.

मार्गदर्शिका हा म्हणूनच नियोजकाचा पाया आहे. उत्तर अमेरिकेतील मुक्त सॉफ्टवेअरांना ती झॅप२इट लॅब्स या सेवेकडून विनामूल्य मिळत असे. ती सेवा १ सप्टेंबर २००७ रोजी बंद झाली, तेव्हा विकासकांनी एकत्र येऊन शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभारली आणि सभासद वर्गणीवर माहितीचा पुरवठा सुरू ठेवला. युरोपात अनेक ठिकाणी प्रक्षेपणासोबतच येणारी मार्गदर्शिका वापरली जाते. तिचा आवाका सेवेनुसार काही तासांपासून एक-दीड आठवड्यापर्यंत असतो. मार्गदर्शिका जितकी लांबची, तितकी पर्यायी प्रसारणे नियोजकाच्या हाती असतात.

टक्करीची कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे गर्दीची वेळ. अमेरिकेतील प्रमुख जाळी रात्री आठ ते अकरा या तीन तासांत आपले गाजलेले कार्यक्रम मांडतात आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रेक्षक खेचण्यासाठी ते मुद्दाम समोरासमोर ठेवतात. येथे टक्कर अपघाताने होत नाही, वाहिन्यांना ती हवीच असते.

दुसरे कारण काही मिनिटांचे असते, पण त्रास तेवढाच देते. इ.स. २००१ मध्ये एनबीसीने ‘फ्रेंड्स’सारख्या अर्ध्या तासाच्या मालिकांचे चाळीस मिनिटांच्या आसपासचे वाढीव भाग दाखवले. प्रेक्षकाने वाहिनी बदलू नये हा त्यामागचा हेतू होता. एकच ट्यूनर असलेल्या यंत्राला मात्र साडेआठ वाजता दुसऱ्या वाहिनीवर सुरू होणारा कार्यक्रम आता पूर्ण अर्थाने टक्करीत आलेला दिसे. दहा मिनिटांच्या या अतिक्रमणापायी अर्ध्या तासाचा संपूर्ण कार्यक्रम वगळला जाई.

तिसरे कारण थेट प्रक्षेपणांचे आहे. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी एनबीसीने न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा फुटबॉल सामना संपायला जेमतेम एक मिनिट उरले असताना तोडला आणि देशाच्या मोठ्या भागात ‘हायडी’ हा बालचित्रपट ठरल्या वेळी सुरू केला. तोपर्यंत ३२–२९ असे मागे असलेल्या ओकलंडने उरलेल्या मिनिटात दोनदा गुण घेऊन सामना ४३–३२ असा जिंकला आणि तो प्रेक्षकांना दिसलाच नाही. या प्रकारानंतर अमेरिकी जाळी सामना अर्धवट तोडत नाहीत. पुढचे सारे कार्यक्रम मागे ढकलले जातात. फुटबॉलच्या हंगामात रविवारी संध्याकाळी सीबीएसवरील ‘सिक्स्टी मिनिट्स’ आणि त्यानंतरचे कार्यक्रम वारंवार उशिरा सुरू होतात. त्यामुळे अनेकजण त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगला शेवटी एक तास जोडून ठेवतात. तो जोडलेला तास पुढील तासातील कार्यक्रमांना आडवा येतो. अशा रीतीने इ.स. १९६८ मधील प्रेक्षकांच्या संतापाचे पडसाद रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचले आहेत.

मिथटीव्हीचा नियोजक

मिथटीव्ही हा प्रकल्प आयझॅक रिचर्ड्स यांनी इ.स. २००२ मध्ये सुरू केला. लिनक्सवर चालणारे हे सॉफ्टवेअर जीएनयू जीपीएल परवान्याखाली वितरित होते. त्याचे दोन भाग आहेत. बॅकएंड रेकॉर्डिंग करतो आणि फ्रंटएंड ते पडद्यावर दाखवतो. नियोजक बॅकएंडमध्ये असतो. नवा नियम दिला, मार्गदर्शिका बदलली, एखादे रेकॉर्डिंग संपले किंवा फसले, की तो संपूर्ण वेळापत्रक पुन्हा मांडतो. जुन्या वेळापत्रकाची डागडुजी न करता दर वेळी नव्याने मांडणी करण्याचा हा मार्ग सोपा आहे आणि विश्वासार्हही ठरला आहे.

वापरकर्ता कार्यक्रम निवडत नाही, तो नियम देतो. ‘केवळ हे प्रसारण’, ‘दर आठवड्याला एक’, ‘रोज एक’, ‘सर्व भाग’ आणि ‘कोणतेही एक प्रसारण’ असे नियमांचे प्रकार असतात. शेवटचा प्रकार चित्रपटांसाठी विशेष उपयोगी पडतो, कारण तोच चित्रपट आठवड्यात चार वेळा असेल तर नियोजक चारांपैकी सोयीची वेळ घेऊ शकतो. नियम जितका सैल, तितकी टक्कर टळण्याची शक्यता अधिक. ‘केवळ हे प्रसारण’ असा नियम देणारा वापरकर्ता नियोजकाचे हात स्वतःच बांधून टाकतो, हे नवख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रत्येक नियमाला प्राधान्याचा एक अंक असतो. तो उणे ९९ पासून अधिक ९९ पर्यंत देता येतो आणि काहीच न दिल्यास शून्य धरला जातो. नियमाचा प्रकार, वाहिनी किंवा ट्यूनर यांच्यासाठीही वेगळी भर वा घट ठरवता येते. उदाहरणार्थ, तोच कार्यक्रम साध्या आणि उच्च प्रतीच्या अशा दोन्ही वाहिन्यांवर असेल, तर उच्च प्रतीच्या वाहिनीला एका अंकाची भर दिली की ती आधी निवडली जाते. सर्व अंकांची बेरीज करून प्रत्येक प्रसारणाचे एकूण प्राधान्य ठरते.

यानंतर नियोजक मार्गदर्शिकेतील जुळणाऱ्या सर्व प्रसारणांची यादी करतो. पूर्वी रेकॉर्ड झालेले भाग तो वगळतो. उरलेली यादी प्राधान्याने लावून वरून खाली एकेक प्रसारण मोकळ्या ट्यूनरवर ठेवत जातो. एखाद्यासाठी मोकळा ट्यूनर मिळाला नाही तर त्याच भागाचे दुसरे प्रसारण शोधतो. तेही नसेल, तर आधी ठेवलेल्या वरच्या प्राधान्याच्या कार्यक्रमांपैकी एखादा दुसऱ्या ट्यूनरवर किंवा दुसऱ्या वेळेला सरकवता येतो का हे पाहतो. सरकवता आला तर जागा होते. नाही आला तर सर्व काही पूर्ववत ठेवून खालच्या प्राधान्याच्या कार्यक्रमापुढे ‘टक्कर’ अशी खूण केली जाते.

एक उदाहरण घेता येईल. यंत्राला दोन ट्यूनर आहेत. गुरुवारी रात्री नऊ वाजता एक मालिका आहे, तिचे प्राधान्य ५ आणि तिचे पुनःप्रसारण नाही. त्याच वेळी दुसरी मालिका आहे, तिचे प्राधान्य ३ आणि तिचा हाच भाग शनिवारी दुपारी पुन्हा आहे. तिसरा एक माहितीपट आहे, त्याचे प्राधान्य शून्य आणि तो पुन्हा कधीच नाही. केवळ प्राधान्य पाहिले तर दोन्ही मालिका मिळतात आणि माहितीपट जातो. सरकवण्याची मुभा असेल तर दुसरी मालिका शनिवारी जाते आणि तिन्ही कार्यक्रम मिळतात. पहिल्या उत्तरापेक्षा दुसरे उत्तर सरळसरळ चांगले वाटते. तरीही मिथटीव्हीमध्ये उच्च प्राधान्याचे कार्यक्रम सरकवावेत की नाही, हे वापरकर्त्यावर सोपवलेले आहे. शनिवारचे प्रसारण आज मार्गदर्शिकेत आहे म्हणून शनिवारी ते होईलच असे नाही. सामना लांबला, वाहिनीने बेत बदलला, की अधिक आवडती मालिका कमी आवडत्या माहितीपटापायी गमावली जाते. हातातला पक्षी सोडावा का, हा निर्णय अंकांतून निघत नाही.

नियम कायम ठेवून एखाद्याच प्रसारणापुरता वेगळा आदेशही देता येतो. ‘हा भाग रेकॉर्ड करू नये’ किंवा ‘हा भाग काहीही झाले तरी करावा’ असे सांगता येते. प्राधान्याचे अंक वारंवार बदलण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे. एका रात्रीसाठी वाढवलेला अंक उतरवायचा राहून जातो आणि तीन आठवड्यांनी भलताच कार्यक्रम सुटतो.

पुनरावृत्तीची ओळख

टक्करींचा मोठा भाग प्राधान्याने सुटत नसून पुनःप्रसारण ओळखण्याने सुटतो. तोच भाग पुन्हा रेकॉर्ड केला नाही तर ट्यूनर मोकळा राहतो आणि तोच भाग नंतर येणार हे कळले तर आज तो सोडता येतो. मिथटीव्ही कार्यक्रमाचे नाव, भागाचे नाव, वर्णन आणि मार्गदर्शिकेने दिलेला भागाचा क्रमांक यांवरून ही ओळख पटवते. टीव्होने याहून सोपा उपाय योजला. मागील अठ्ठावीस दिवसांत नोंदवलेला भाग ते यंत्र मालिकेच्या नियमाखाली पुन्हा घेत नाही.

मार्गदर्शिकेत भागाचे नाव नसेल आणि वर्णनही सर्व भागांसाठी एकच असेल, तर ही ओळख कोलमडते. अशा वेळी दोन प्रकारची चूक संभवते. सर्व भाग सारखे समजले गेले तर पहिल्यानंतरचे सुटतात. सर्व वेगळे समजले गेले तर जुने भागही ट्यूनर अडवून बसतात. यातील पहिली चूक न भरून येणारी आहे, दुसरीत केवळ डिस्कवरची जागा जाते. संशय आल्यास रेकॉर्ड करावे असा कल म्हणूनच बहुतेक नियोजकांत दिसतो.

आगेमागेची मिनिटे

वाहिन्यांची घड्याळे मार्गदर्शिकेशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग थोडे आधी सुरू करून थोडे उशिरा थांबवण्याची प्रथा आहे. या जोडलेल्या मिनिटांइतक्या टक्करी क्वचितच दुसऱ्या कशाने निर्माण होत असतील.

तीन वाहिन्यांवर रात्री आठ ते दहा या वेळात लागोपाठ अर्ध्या अर्ध्या तासाचे कार्यक्रम असतील, तर तीन ट्यूनर पुरतात. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी पाच मिनिटे जोडली, की साडेआठ, नऊ आणि साडेनऊ या वेळांना मागचा कार्यक्रम संपलेला नसतो आणि पुढचा सुरू झालेला असतो. साध्या ट्यूनरांचा हिशेब मग तीनवरून सहावर जातो. प्रत्यक्षात अधिक पाहायला काहीच मिळालेले नसते.

यावर मिथटीव्हीने मिनिटांचे दोन प्रकार पाडले. संपूर्ण यंत्रासाठी ठरवलेली आगेमागेची मिनिटे लवचीक असतात. ट्यूनर मोकळा असेल तर ती घेतली जातात, पुढच्या कार्यक्रमाला तो हवा असेल तर सोडून दिली जातात आणि नियोजक ती हिशेबात धरत नाही. याउलट एखाद्या नियमात लिहिलेली ‘लवकर सुरू’ वा ‘उशिरा समाप्त’ ही मिनिटे पक्की असतात. ती कार्यक्रमाच्याच लांबीत धरली जातात आणि त्यांच्यामुळे टक्कर होऊ शकते. सर्व कार्यक्रमांना दोन-तीन लवचीक मिनिटे आणि थेट सामन्यांनाच पक्का तास, अशी विभागणी अनुभवी वापरकर्ते करतात. सर्वच नियमांना पक्की मिनिटे लावणे हे टक्करींच्या तक्रारींचे एक नेहमीचे मूळ असते.

टीव्होच्या नंतरच्या यंत्रांत वेगळी युक्ती आहे. काही मिनिटांचेच अतिक्रमण असेल तर कमी प्राधान्याच्या कार्यक्रमाची ती मिनिटे कातरून उरलेला भाग घेता येतो. पहिली दोन मिनिटे नसलेला कार्यक्रम मुळीच नसलेल्या कार्यक्रमापेक्षा बरा, हा त्यामागचा साधा हिशेब होय.

जर्मनीत हा प्रश्न मुळातून सोडवण्याचा प्रयत्न व्हीसीआरच्या काळातच झाला. व्हीपीएस या पद्धतीत वाहिनी प्रक्षेपणासोबत एक खूण पाठवते आणि कार्यक्रम खरोखर सुरू झाला की ती खूण पाहून यंत्र रेकॉर्डिंग सुरू करते. ही पद्धत इ.स. १९८५ पासून वापरात आली. तिच्यामुळे आगेमागेच्या मिनिटांची गरज उरत नाही, पण ती वाहिनीच्या शिस्तीवर अवलंबून असते. शिवाय खुणेची वाट पाहत ट्यूनर त्या वाहिनीवर अडकून राहतो आणि त्यातून वेगळी टक्कर जन्माला येते.

एक ट्यूनर, अनेक वाहिन्या

डिजिटल प्रक्षेपणात अनेक वाहिन्या एकाच वारंवारितेवरील प्रवाहात एकत्र पाठवल्या जातात. या प्रवाहाला मल्टिप्लेक्स म्हणतात. चित्रपटगृहांशी त्याचा संबंध नाही. ट्यूनर संपूर्ण प्रवाह पकडतो, त्यामुळे त्यातील कितीही वाहिन्या एकाच ट्यूनरवर नोंदवता येतात. ब्रिटनच्या स्थलीय प्रक्षेपणात बीबीसी वन आणि बीबीसी टू यांच्या साध्या प्रतीच्या वाहिन्या एका मल्टिप्लेक्सवर, तर आयटीव्ही आणि चॅनल ४ दुसऱ्या मल्टिप्लेक्सवर राहत आल्या आहेत. दोन ट्यूनर असलेल्या घरात या चारही वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होऊ शकतात.

मिथटीव्हीने ही सोय इ.स. २००८ मधील ०.२१ या आवृत्तीत आणली. त्यासाठी एका खऱ्या ट्यूनरचे अनेक आभासी ट्यूनर दाखवले जातात आणि ते सर्व एकाच मल्टिप्लेक्सवर असले पाहिजेत असे बंधन नियोजक पाळतो. एकाच वाहिनीवरील लागोपाठच्या दोन कार्यक्रमांची मिनिटे एकमेकांवर आली तरी आता दुसरा खरा ट्यूनर लागत नाही. वर सांगितलेला सहा ट्यूनरांचा हिशेब अशा यंत्रात पुन्हा तीनवर येतो आणि वाहिन्या एकाच प्रवाहात असतील तर एकावरही.

उलट दिशेची बंधनेही असतात. केबलच्या सेट-टॉप बॉक्समधून चित्र घेतले जात असेल, तर एका बॉक्सवर एकच वाहिनी मिळते. एकच बॉक्स दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी संगणकाला लावला असेल, तर त्या जोडण्या एका गटात टाकून ‘या दोन एकाच वेळी वापरू नयेत’ असे नियोजकाला सांगावे लागते. उपग्रहाच्या तबकडीचीही एक अडचण आहे. तबकडीपासून येणारी एकच तार दोन ट्यूनरांत विभागली असेल, तर दोघांनाही एकाच ध्रुवणाच्या आणि एकाच पट्ट्याच्या वाहिन्या घ्याव्या लागतात. कागदावर दोन ट्यूनर दिसतात, पण दोन वाहिन्या मिळतीलच असे नाही. व्हीडीआर या सॉफ्टवेअरमध्ये असे ट्यूनर एकमेकांना बांधलेले आहेत हे नोंदवण्याची सोय आहे, त्यामुळे ही टक्कर आधी ओळखता येते.

इतर सॉफ्टवेअर

व्हीडीआर हे जर्मन विकासक क्लाउस श्मिडिंगर यांनी इ.स. २००० मध्ये सुरू केलेले सॉफ्टवेअर आहे. त्याचा स्वभाव मिथटीव्हीच्या उलट आहे. मुळात ते पुढचे वेळापत्रक मांडत बसत नाही. प्रत्येक टायमरला ० ते ९९ असे प्राधान्य असते आणि न सांगितल्यास ते ५० धरले जाते. वेळ आली की मोकळा ट्यूनर शोधला जातो. न मिळाल्यास कमी प्राधान्याच्या कामाकडून ट्यूनर काढून घेतला जातो. मालिका शोधून टायमर लावणे आणि पुढील टक्करी तपासून सांगणे ही कामे ईपीजीसर्च या जोड-प्रणालीकडे दिलेली आहेत. टीव्हीहेडेंडमध्ये अंकांऐवजी शब्द आहेत आणि ‘महत्त्वाचे’पासून ‘बिनमहत्त्वाचे’पर्यंत पायऱ्या दिल्या आहेत.

टीव्होमध्ये वापरकर्ता अंकही देत नाही आणि शब्दही देत नाही. मालिकांची एक यादी असते, तिच्यात वर असलेली मालिका खालच्या मालिकेला हरवते. यंत्र स्वतःहून सुचवलेले कार्यक्रम सर्वांत खाली असतात आणि कोणत्याही मागणीपुढे बाजूला होतात. सामान्य वापरकर्त्याला ही रचना सर्वांत सहज उमगते. मात्र ‘या दोन मालिका सारख्याच महत्त्वाच्या’ असे तिच्यात म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे विंडोज मीडिया सेंटरही मालिकांचा असाच क्रम वापरत असे. ते इ.स. २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या विशेष आवृत्तीतून आले आणि इ.स. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत बंद झाले.

गणिती बाजू

ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट असलेली कामे मर्यादित यंत्रांवर बसवण्याच्या प्रश्नाला संगणकशास्त्रात अंतराल-नियोजन म्हणतात. काहीही न गमावता किती ट्यूनर लागतील, याचे उत्तर सोपे आहे. कोणत्याही एका क्षणी जास्तीत जास्त जितके कार्यक्रम एकत्र येतात तितके. एकच ट्यूनर असेल आणि संख्या हीच कसोटी असेल, तर जो कार्यक्रम सर्वांत आधी संपतो तो घेत जाणे हे सर्वोत्तम उत्तर ठरते. कार्यक्रमांना वेगवेगळे मोल असले आणि ट्यूनर अनेक असले, तरी सर्वाधिक एकूण मोलाची निवड जलद काढता येते, असे एस्थर आर्किन आणि एलेन सिल्व्हरबर्ग यांनी इ.स. १९८७ मध्ये दाखवले. मात्र प्रत्येक कार्यक्रमाच्या अनेक प्रसारणांपैकी एक निवडायचे असेल, तर प्रश्न एनपी-कठीण वर्गात जातो. दूरचित्रवाणीचा प्रश्न नेमका हाच आहे.

घरगुती नियोजकांत मात्र असे सर्वोत्तम उत्तर क्वचितच शोधले जाते आणि त्याचे कारण केवळ गणिताची अवघडता नाही. बेरीज वाढवणारा नियोजक प्राधान्य ३ चे दोन कार्यक्रम मिळावेत म्हणून प्राधान्य ५ चा एक कार्यक्रम सोडून देईल. गणिताने ते बरोबर आहे. आवडती मालिका गमावलेल्या प्रेक्षकाला ते पटणार नाही. ‘वरचा खालच्यासाठी कधीही जात नाही’ हा नियम कधीकधी कमी कार्यक्रम मिळवतो, पण त्याचा निकाल कोणालाही आधी सांगता येतो.

टक्करीची सूचना

मिथटीव्हीत आगामी रेकॉर्डिंगच्या पानावर प्रत्येक प्रसारणाची स्थिती एका खुणेने दाखवली जाते. रेकॉर्ड होणार असल्यास ट्यूनरचा क्रमांक, टक्कर असल्यास सी, पुढच्या प्रसारणाला घेतले जाणार असल्यास एल, आधीच्या प्रसारणाला घेतले जाणार असल्यास ई आणि पूर्वीच रेकॉर्ड झालेले असल्यास पी, अशी अक्षरे वापरली जातात. अमुक प्रसारण का घेतले जाणार नाही, हे त्या ओळीवर जाऊन विचारता येते. टक्कर असल्यास पानावरच तशी सूचना येते. नवा नियम जतन करण्यापूर्वी त्याने वेळापत्रकात काय बदलेल, हेही आधी पाहता येते. टक्कर सोडवणारी सर्वांत उपयोगी सोय हीच म्हणावी लागेल, कारण नव्या नियमाचा धक्का बहुधा भलत्याच जुन्या नियमाला बसतो आणि तो नियम देणारी व्यक्ती घरातील दुसरीच कोणी असू शकते.

थेट पाहणे हीदेखील ट्यूनरची मागणीच असते. सर्व ट्यूनर गुंतले असता कोणी वाहिनी पाहत असेल आणि रेकॉर्डिंगची वेळ आली, तर मिथटीव्ही पडद्यावर विचारते. रेकॉर्डिंग होत असलेला कार्यक्रमच पाहायचा, पाहणे सोडून द्यायचे, की रेकॉर्डिंग रद्द करायचे, असे तीन पर्याय असतात. उत्तर आले नाही तर रेकॉर्डिंग सुरू होते. जो समोर बसला आहे त्याला विचारता येते, जो घरी नाही त्याची मागणी मात्र केवळ यंत्राला ठाऊक असते; म्हणून अनुत्तरित प्रश्नाचा निकाल गैरहजर व्यक्तीच्या बाजूने लावला जातो.

भारतातील स्थिती

भारतात अशा रेकॉर्डिंगचा परिचय मुख्यतः डीटीएच कंपन्यांच्या सेट-टॉप बॉक्समधून झाला. टाटा स्कायने, म्हणजे आताच्या टाटा प्लेने, इ.स. २००८ मध्ये टाटा स्काय प्लस हा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स आणला. एक वाहिनी पाहत असताना दुसरी नोंदवणे त्यावर शक्य होते. खाजगी डीटीएच सेवांचे प्रक्षेपण सांकेतिक असल्यामुळे ते संगणकातील ट्यूनरने थेट घेता येत नाही आणि मिथटीव्ही वा व्हीडीआरसारख्या सॉफ्टवेअरला त्यामुळे मर्यादा पडतात. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशवरील बहुसंख्य वाहिन्या मात्र सांकेतिक नसतात. सह्याद्री वाहिनीही या सेवेवर आहे. एका उपग्रह ट्रान्सपाँडरवर अनेक वाहिन्या असल्याने या सेवेवर एकाच ट्यूनरने अनेक कार्यक्रम एकत्र नोंदवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते.

मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या दैनंदिन मालिका संध्याकाळी सात ते रात्री साडेदहाच्या सुमारास एकमेकींसमोर असतात, त्यामुळे गर्दीच्या वेळेची टक्कर येथेही होते. परंतु बहुतेक मालिकांचा तोच भाग दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी पुन्हा दाखवला जातो. पुनःप्रसारण ओळखणाऱ्या नियोजकासाठी ही परिस्थिती अनुकूल आहे. मराठी मार्गदर्शिकांत मात्र बऱ्याचदा मालिकेचे नाव तेवढे असते, भागाचा क्रमांक वा वर्णन नसते. सकाळचा भाग हा कालचाच आहे हे प्रेक्षकाला माहीत असते. नियोजकाला ते कळण्याचा मार्ग मार्गदर्शिकेत नसतो. अशा ठिकाणी सकाळच्या वेळेचा वेगळा नियम हाताने देणे आणि रात्रीच्या नियमातून ती मालिका काढून टाकणे, हाच व्यवहार्य उपाय राहतो.